आधी गाडी ओळखा, मग इंजिन घ्या

१९७५ सालच्या एप्रिलमध्ये मी अमेरिकेत शिकत होतो. पूर्व किनाऱ्याकडच्या एका गावात, रेल्वे यार्डाबाहेर तीन तास रांगेत उभं राहून मी ‘अमेरिकन फ्रीडम ट्रेन’ ही फिरत्या संग्रहालयाची गाडी पाहिली. आत शिरल्यावर चालायचं नव्हतं. सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं आणि पट्टाच तुम्हाला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेणार. काचेपलीकडे मार्टिन ल्यूथर किंग ज्याच्यामागे उभे राहून बोलत ते चर्चमधलं प्रवचनपीठ होतं, ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधला ज्यूडी गार्लंडचा झगा होता, चंद्रावरचा दगड होता. एवढं मोठं संग्रहालय आपल्या गावात चालत येतं, हे मला फार विलक्षण वाटलं. २६ डब्यांची ती गाडी १९७६ अखेरपर्यंत ४८ राज्यांतून फिरली आणि ७० लाखांवर माणसांनी ती पाहिली.

निवृत्त झाल्यावर वाटलं, हिचं छोटं मॉडेल घरात असावं. इंटरनेटवर एकाकडे जुना संच दिसला: लाल-पांढरं-निळं इंजिन, चार डबे, पॉवर पॅक. फोटो पाहून डोळे भरून आले आणि तिथल्या तिथे पैसे भरले. न्यू जर्सीहून भाचा येताना घेऊन आला. खोका उघडून इंजिन हातात घेतलं तेव्हा मात्र काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मी पाहिलेल्या इंजिनाचा बॉयलर उघडा होता, नळ्या बाहेर दिसत होत्या. हे तर डोक्यापासून पत्र्याचं गुळगुळीत आवरण घातलेलं होतं.

मग जे वाचन आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. या गाडीला एकच इंजिन नव्हतं. सुरुवातीला पूर्वेकडे तिला रेडिंग रेल्वेचं २१०१ ओढत होतं, त्याला ‘नंबर १’ म्हणून रंगवलं होतं. पश्चिमेकडे सदर्न पॅसिफिकचं ४४४९, टेक्सासात ६१० क्रमांकाचं. मी घेतलं ४४४९. विक्रेत्यानं काहीही खोटं सांगितलं नव्हतं. मीच विचारलं नाही. शिवाय ‘फ्रीडम ट्रेन’ याच नावाची आणखी एक गाडी १९४७ साली निघाली होती, ती तर डिझेल इंजिनाची. म्हणून नावावर जाऊ नका. आपण कुठे, कोणत्या महिन्यात पाहिली, ते आधी कागदावर लिहा आणि विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंचे, तळाचे फोटो मागा. मूळ रंगावर कुणी नंतर हात मारला असेल तर रिव्हेटांच्या टोकांभोवती रंग साचलेला दिसतो.

हे आपल्याकडच्या गाडीलाही लागू आहे. २००७ ते २०१७ अशी दहा वर्षं फिरलेल्या १६ डब्यांच्या ‘सायन्स एक्स्प्रेस’ या फिरत्या प्रदर्शनाचा विषय बदलला तसा बाहेरचा रंगही बदलला, जैवविविधतेच्या वेळची गाडी वेगळी, हवामानबदलाच्या वेळची वेगळी. कुणी हौसेनं तिचे डबे रंगवणार असेल तर आधी वर्ष ठरवावं.

चुकीचं इंजिन ही हळहळ झाली. पॉवर पॅकनं मात्र घाबरवलं. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मी चपट्या पिनांवर आपल्याकडचा कन्व्हर्टर लावला आणि बटण दाबलं. त्या कन्व्हर्टरनं फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब नाही. अर्ध्या मिनिटात गुरगुर, मग धूर. शेजारी नातू बसला होता. कृपया हे लक्षात ठेवा: पॅकच्या पाठीवर ‘इनपुट’ वाचा, तिथे १२० असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग भिंतीजवळही नेऊ नका. त्याहून बरं म्हणजे आपल्या विजेवर चालणारा नवा पॅक घ्या. माझ्या संचासारख्या एचओ मापाच्या मॉडेलला लागतात साधारण १२ व्होल्ट, तेही डीसी.

जुनं इंजिन लगेच रुळावर ठेवून पळवूही नये. ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं आणि प्लॅस्टिकच्या गिअरला बारीक चीर गेलेली असू शकते. माझ्या खोक्यातला जुना स्पंज तर विरघळून लाल रंगाला चिकटला होता. तो सोडवताना रंगाची खपली निघाली. स्पंज आला की तो काढून आम्लरहित टिश्यूत गुंडाळा. आमच्याकडे पुण्यात पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते, तेव्हा खोक्यात सिलिका जेल हवंच.

जागेचं गणितही आधी करा. एचओ म्हणजे १:८७. सुमारे २६ मीटरचा खरा डबा ३० सेंटिमीटरचा होतो; २६ डबे जोडले तर जवळजवळ आठ मीटर! आणि संचाबरोबर मिळणाऱ्या ४६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर एवढे लांब डबे घसरतात. साठच्या वर त्रिज्या ठेवा. लांबचं जाऊ द्या, कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन एकदा चालत्या गाड्या बघितल्या असत्या तरी मला यातलं बरंच कळलं असतं.

‘नंबर १’ आता बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात, त्याच फ्रीडम ट्रेनच्या रंगात उभं आहे. भाचा मुद्दाम तिथे गेला आणि चारी बाजूंनी फोटो काढून त्यानं पाठवले. रेडिंगच्या त्याच वर्गातल्या इंजिनाचं एक साधं काळं मॉडेल मला मिळालंय. सध्या रोज संध्याकाळी टेबलावर फोटो मांडून मी त्याच्यावर पट्ट्या आखतो आहे; पांढरी झाली, निळी उद्या.