‘काही करत नाही हो तो!’

आमच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत समोरच्या काकांनी अल्सेशियन आणला तो २०२२ च्या दिवाळीनंतर. नाव शेरू. काकू गेलेल्या, मुलगा कॅनडात. सोबत हवी म्हणून आणला, त्यात वावगं काही नव्हतं. पण त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत मोजून सहा फरश्या. त्या सहा फरश्यांनी मला जे शिकवलं ते लिहून ठेवतेय.

१. ‘काही करत नाही हो तो’ हे ऐकलं की दोन पावलं मागे सरावं. मालक खोटं बोलत नसतो. त्याला तो खरंच काही करत नाही.

२. चावला तर आधी नळ, मग बाकी सगळं. ऑगस्ट २०२४, पावसाळी संध्याकाळ. मी जिन्यात ओली छत्री फटकन झटकली आणि काकांच्या हातून पट्टा निसटला. पोटरीत दोन दात रुतले, रक्त आलं. क्षणात अर्धी इमारत जमली आणि उपचार सुरू झाले : हळद दाबा, तिखट भरा, चुना लावा. तळमजल्यावरच्या शिक्षिका बाईंनी सगळ्यांना बाजूला सारून मला मोरीत नेलं. नळाखाली पाय धरून कपड्यांच्या साबणाने पंधरा मिनिटं धुतला. घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं जखम धुऊन पाहा, किती लांबतात ते कळेल.

डोळ्यांपुढे लहानपणी ऐकलेली पोटातली चौदा इंजेक्शनं! ती केव्हाच बंद झाली. महापालिकेच्या दवाखान्यात दंडावर कातडीत लस टोचली. त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेलं, म्हणून इम्युनोग्लोब्युलिन थेट जखमेत. ते मात्र दुखतं. ‘शेरूला लस दिलेली आहे, कशाला उगाच?’ असं काका म्हणत होते. डॉक्टरांनी ऐकलं नाही, मीही नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं. काका रोज सकाळी जाळीच्या दारातून सांगायचे, ‘आजही जेवला हो व्यवस्थित.’

३. संतापाच्या भरात सभा बोलावू नये. इमारतीत कुत्री बंद, असा ठराव करायला सेक्रेटरी निघालेच होते. पण भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमतानेही सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. पोलिसांचा रस्ता खुला होता. जनावर नीट न सांभाळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार लिहून जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली दोन दिवस ठेवली होती. दिली नाही. मोठेपणा म्हणून नव्हे; दिली असती तरी फरश्या सहाच राहणार होत्या.

४. कुत्र्याचा दिवस कसा जातो ते बघावं. माझ्या आग्रहावरून काकांनी प्राण्यांचे डॉक्टर घरी बोलावले. शेरू दिवसभर दारातल्या जाळीशी बांधलेला. दूधवाला येतो, हा भुंकतो, दूधवाला जातो. कुरियरवाला येतो, हा भुंकतो, तोही जातो. ‘त्याच्या लेखी प्रत्येकाला त्यानेच हाकलून लावलंय,’ डॉक्टर म्हणाले. दिवसातून वीस वेळा जिंकणारा का बदलेल? शिवाय साखळी गळ्याशी, म्हणजे भीती वाटली तरी पळता येत नाही, उरतात दात. ऐकताना मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. पट्टी माझ्या पोटरीवर होती!

त्याच संध्याकाळी जाळीच्या खालच्या भागाला प्लायवूडची फळी ठोकली. साडेतीनशे रुपये, सुताराच्या मजुरीसकट. साखळी आतल्या खोलीत गेली. आठवडाभरात भुंकणं निम्म्यावर आलं.

५. समोर आलाच तर पळू नये, किंचाळू नये, डोळ्याला डोळा देऊ नये. अंग तिरकं ठेवून हळूहळू बाजूला व्हावं. आणि शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे असं नाही. ताठ, उंच धरलेली शेपटीही हलते.

६. गोडीत ठरलेलंसुद्धा वेळ घालून ठरवावं. ‘काळजी घेतो’ याला अर्थ नाही. सकाळी साडेसहा आणि रात्री नऊ, जिन्यात तोंडाला मुसकं, निघण्याआधी व्हॉट्सॲपवर ‘निघालो’. मुसक्यावरून काका आठ दिवस रुसले होते. मी रुसू दिलं.

७. आता शेरू माझ्या पिशवीतल्या भाजीचा वास घेतो आणि पुढे जातो. छत्री मात्र त्याला अजून खपत नाही. पावसाळ्यात मी ती पिशवीत लपवून जिना उतरते आणि फाटकाबाहेर गेल्यावर उघडते. तोवर थोडी भिजते.