कर्करोग आणि नव्या रक्तवाहिन्या
वाराणसीतील मराठी कुटुंबे व यात्रेकरूंसाठी माहिती

कर्करोगाच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरहून अधिक वाढण्यासाठी स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. त्यासाठी ती विशिष्ट प्रथिने स्रवते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. हा विचार डॉ. जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. हा पुरवठा रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ पासून वापरात आहे. ते काही कर्करोगांत बहुधा केमोथेरपीच्या जोडीने देतात.

मात्र जखम भरून येण्यासाठीही नव्या रक्तवाहिन्या आवश्यक असतात. म्हणून उपचारकाळात आपण पुढील काळजी घ्यावी :

• रक्तदाब व लघवी नियमित तपासून घ्यावी.
• दात काढण्यापूर्वी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध चालू असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. नियोजित मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर ते सामान्यतः किमान २८ दिवस देत नाहीत. औषध स्वतःहून बंद करू नये.
• न थांबणारा रक्तस्राव, तीव्र पोटदुखी, छातीत दुखणे किंवा एका पायावर अचानक सूज आल्यास तत्काळ रुग्णालयात जावे.
• काशीयात्रेस येताना उपचारांची कागदपत्रे सोबत ठेवावीत.

वाराणसीत टाटा स्मारक केंद्राची दोन रुग्णालये आहेत : होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र.