हॅलोविनचा खाऊ आणि शेंगदाण्याची ॲलर्जी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ३१ ऑक्टोबरला हॅलोविनचा खाऊ गोळा करायला त्याला इतर मुलांबरोबर घरोघर पाठवू का?

उत्तर : जरूर पाठवा. सोबत तुम्ही जा आणि एपिनेफ्रिनचे इंजेक्शन जवळ बाळगा, गाडीत ठेवू नका. वाटेत काहीही तोंडात टाकायचे नाही, हा नियम पक्का करा. निघण्याआधी पोटभर जेवू घातलेत की तो पाळणे सोपे जाते.

घरी आल्यावर प्रत्येक वेष्टन वाचा. नेहमीच्या चॉकलेटमध्ये शेंगदाणा नसला, तरी त्याच नावाच्या छोट्या हॅलोविन वडीतले घटक वेगळे असू शकतात. शिवाय ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ हा इशारा छापणे अमेरिकेत कंपन्यांना बंधनकारक नाही. छोट्या वेष्टनावर घटकांची यादीच नसेल, तर ती वडी सरळ बाद. बाद खाऊच्या बदल्यात त्याने आधीच निवडलेले खेळणे द्या.

दारात टील, म्हणजे हिरवट निळ्या रंगाचा भोपळा दिसला, की तिथे स्टिकर, चेंडू अशा न खाण्याच्या वस्तूही मिळतात. टेनेसीतल्या पालकांची ही कल्पना अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या ‘फेअर’ संस्थेने २०१४ साली देशभर नेली. तुमच्याही दारात तो ठेवा. मात्र खेळण्यांचे भांडे वेगळे हवे आणि निवड प्रत्येक मुलाला द्या. ‘तुला ॲलर्जी आहे का?’ असे चारचौघांत विचारलेले मुलांना फार लागते.

ओठ सुजले, श्वास लागला, तर वाट पाहू नका. आधी इंजेक्शन, लगेच ९११.