नवी बॅटरी, चुकीची टक्केवारी

प्रश्न : लॅपटॉपला नवी बॅटरी बसवली, तरी ४० टक्के दाखवत असतानाच तो बंद पडतो. बॅटरी सदोष आहे का? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : टक्केवारी हा अंदाज असतो. बॅटरीतली चिप आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजून शिल्लक ठरवते. बॅटरी बराच काळ पडून राहिल्यास हा हिशेब चुकतो. तो जुळवण्यासाठी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत वापरावा आणि पुन्हा सलग १०० टक्के चार्ज करावा. वीज जाण्याची शक्यता नसलेली वेळ निवडावी. दोनदा करूनही फरक न पडल्यास सेल कमकुवत असण्याची शक्यता असते. वॉरंटीत बॅटरी बदलून घ्यावी. बारामती-इंदापूरच्या कडक उन्हाळ्यात लॅपटॉप बंद गाडीत ठेवू नये. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीची क्षमता कायमची घटते. फुगलेली बॅटरी वापरणे तत्काळ थांबवावे. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे द्यावी.