फ्लॅश पॉइंट : ठिणगीआधीची गोष्ट



‘फ्लॅश पॉइंट’ हा शब्द मुलांना दोन ठिकाणी भेटतो, विज्ञानात आणि बातम्यांत. दोन्ही अर्थ एकत्र शिकवले तर पक्के लक्षात राहतात.

१) शब्दशः अर्थ

मुलांना आधी हे विचारा : पेट्रोल पेटतं म्हणजे नक्की काय पेटतं? बहुतेक मुलं ‘पेट्रोल’ म्हणतील. खरं तर द्रव पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ज्या किमान तापमानाला द्रवावर इतकी वाफ जमते की ठिणगी दाखवताच ती क्षणभर भपकन पेटते, ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. आग टिकून जळत राहायला तापमान आणखी थोडं वर जावं लागतं. त्याला फायर पॉइंट म्हणतात.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही त्यावर पेटण्याजोगी वाफ असतेच. डिझेल आणि रॉकेलसाठी भारतीय मानकाप्रमाणे तो किमान ३५ अंश असावा लागतो.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. मे महिन्यात मलकापूर, शेगावकडे पारा ४० च्या वर जातो. त्या उन्हात शेतात ठेवलेला डिझेलचा कॅन फ्लॅश पॉइंटच्या पुढे गेलेला असू शकतो. ‘डिझेल कुठं लवकर पेटतं!’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय डिझेलचे बारीक तुषार उडाले तर ते त्याहून कमी तापमानालाही पेट घेतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटली आणि पेटली. त्यात २५ जणांचा जीव गेला. म्हणून हा धडा नुसता परीक्षेपुरता नाही. घरी एवढं पाळाच : इंधनाचा कॅन सावलीत, झाकण घट्ट, जवळ विडी-काडी नाही आणि पेटत्या चुलीत रॉकेल कधीच ओतायचं नाही.

२) लाक्षणिक अर्थ

साचलेला ताण ज्या घटनेने किंवा ज्या ठिकाणी उफाळून येतो, त्याला बातम्यांत फ्लॅश पॉइंट म्हणतात. मराठीत आपण ‘ठिणगी पडली’, ‘भडका उडाला’ म्हणतो.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घ्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. पण वाफ कितीतरी आधीपासून जमत होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. १८६७ पासून शेतसारा वाढला. कर्ज मिळेना, जुनं फिटेना. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कारही टाकला होता. सुपे म्हणजे ठिणगी, ताप मात्र दहा वर्षांचा. पुढे १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

३) दोन्हींतला फरक

विज्ञानात फ्लॅश पॉइंट म्हणजे तापमान, तो अंशांत मोजता येतो. बोलण्यात मात्र तो एखादी घटना किंवा जागा असतो. ‘ठिणगी’ म्हटलं की आपलं लक्ष शेवटच्या क्षणावर जातं, फ्लॅश पॉइंट मात्र त्याआधीच्या तापाकडे बघायला शिकवतो.

वर्गातली भांडणं अशीच बघा. पेन्सिलीवरून मारामारी झाली तर ‘पेन्सिल कुणी घेतली?’ एवढ्यावर थांबू नका. आठवडाभर कोण कुणाला चिडवत होतं, तेही विचारा.

४) वर्गासाठी उपक्रम

इंधनाचा कोणताही प्रयोग वर्गात करू नये. त्याऐवजी फळ्यावर तीन रकाने आखा : ‘इंधन किंवा परिस्थिती’, ‘वाफ कशी जमली?’, ‘ठिणगी कोणती?’ मुलांनी एक उदाहरण विज्ञानातलं, एक इतिहासातलं आणि एक घरातलं किंवा शाळेतलं लिहावं. शेवटी एकच प्रश्न विचारा : ठिणगी टाळता आली नसती, तर ताप कुठं कमी करता आला असता?