अनुदान : डोकी मोजावीत की गरज?

शाळांना सरकारी पैसा कोणत्या हिशेबाने द्यावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तो रोखठोक मांडला होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या श्रमातून आणि शिक्षणावरील खर्च मात्र वळतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. परंतु हिशेबाचा प्रश्न मिटलेला नाही. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा परिसरातून पाहताना तो मला कसा दिसतो, ते येथे मांडते.

२०१८ साली सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून सरकारी शाळांना वार्षिक संयुक्त अनुदान मिळते. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता असे खर्च त्यातून भागवायचे असतात. रक्कम ठरते ती पटावरून. ३० पर्यंत मुले असल्यास १० हजार रुपये, ३१ ते १०० असल्यास २५ हजार, १०१ ते २५० असल्यास ५० हजार, २५१ ते १००० असल्यास ७५ हजार आणि त्याहून अधिक असल्यास १ लाख.

वरवर पाहता ही पद्धत लहान शाळांना अनुकूल वाटते. ३० मुलांच्या शाळेला दर मुलामागे ३३३ रुपये पडतात, तर हजार मुलांच्या शाळेला केवळ ७५. पण शाळेचे सगळे खर्च डोक्यांवर अवलंबून नसतात. पाऊस गळणारे छप्पर तीस मुलांवर गळते तसेच तीनशेंवरही गळते. शिवाय ३० चे ३१ झाले की अनुदान १५ हजारांनी वाढते आणि एक मूल गेले की तेवढेच घटते. एका मुलाच्या येण्याजाण्याने शाळेची गरज अडीचपट होते काय?

दुसरी उणीव मोजणीच्या दिवसाची आहे. शाळांची माहिती ३० सप्टेंबर ही तारीख धरून नोंदवली जाते. त्या वेळी आमच्याकडील मजुरांची मुले गावातच असतात. पुढे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे टोळीबरोबर दूरच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल फडाजवळच्या कोपीत राहते आणि त्याचे नाव गावच्या हजेरीपटावर राहते. जिकडे ते गेले तिकडच्या शाळेने त्याला वर्गात बसवून घेतले, तरी तिचे अनुदान आधीच्या पटावर ठरलेले असते. थोडक्यात, पैसा एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी, अशी ही परिस्थिती आहे. मुलाला गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती चांगली आहे. पण तिचा उपयोग टोळी निघण्यापूर्वी वसतिगृह सुरू झाले तरच. टोळी गेल्यावर उघडलेले दार कोणासाठी?

तिसरी उणीव मला सर्वांत मोठी वाटते. ८० मुलांच्या दोन शाळांना सारखेच २५ हजार मिळतात. एका शाळेत शिकलेल्या घरांतील मुले असतील, दुसरीत घरी अक्षरओळख असलेले एकही माणूस नसलेली मुले असतील. हिशेबाला हा फरक दिसत नाही. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. गृहपाठात अडले की विचारायला घरी कोणी नसते, याचा अर्थ मला ठाऊक आहे. अशा मुलांना जे मिळायचे ते शाळेतच मिळते.

गरज मोजता येत नाही, असे कोणी म्हणेल. पण ती मोजल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने राज्याची सरासरी प्रमाण मानून प्रत्येक जिल्हा किती मागे आहे, हे शिक्षणासह अनेक क्षेत्रांत मोजले. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये व त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी रुपये निघाला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होते. जिल्ह्याची उणीव मोजता येते, तर शाळेची का येऊ नये? परदेशातही हे घडले आहे. नेदरलँड्सने १९८५ पासून कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांना शाळेच्या निधीसाठी अधिक वजन दिले. इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब मुलांमागे शाळेला जादा रक्कम मिळते.

यावरून मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, पट कितीही असो, इमारत, वीज, पाणी यांसाठी प्रत्येक शाळेला ठरावीक रक्कम मिळावी. दोन, त्यावर दर मुलामागे रक्कम द्यावी. स्थलांतरित, अपंग व पहिल्या पिढीच्या मुलांमागे ती अधिक असावी. तीन, मोजणी सप्टेंबरबरोबर फेब्रुवारीतही व्हावी आणि मूल जाईल तेथे त्याचा वाटा जावा. चार, जमाखर्च शाळेच्या भिंतीवर लिहावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे कायदा सांगतो. त्यांना तो वाचता, निदान ऐकता आला पाहिजे.

यावर मोठा आक्षेप पैशाचा आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार २०२३ साली शासनाने पुढे आणला. खर्च वाचवणे चुकीचे नाही. पण वस्तीवरची शाळा दूर गेली, तर सर्वांत आधी कोणाची शाळा सुटेल? धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीची. ती पटावरून गेल्यावर अनुदानाचा हिशेब नीट जुळेल, यात शंका नाही. पण तिच्या नुकसानीचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसेल. तो रकाना आखणे हेच न्याय्य वाटपाचे पहिले काम होय.