जांभळ्या दिव्याखालची नोट

प्रश्न : दुकानातल्या जांभळ्या दिव्याखाली नोटेचे आकडे का चमकतात? – एक वाचक, वारासिवनी (जि. बालाघाट)

उत्तर : अतिनील किरणांचे तीन गट : यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर), बी (२८० ते ३१५) आणि सी (१०० ते २८०). गल्ल्यावरचा दिवा ‘ए’ गटातला, बहुधा ३६५ नॅनोमीटरचा. शाईतले रेणू हे किरण शोषतात, थोडी ऊर्जा उष्णतेत गमावतात आणि उरलेली डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत टाकतात. हेच प्रतिदीपन.

महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवर क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू असे उजळतात. कागद मात्र काळसरच राहतो. वहीचा पांढराशुभ्र कागद निळसर झळकतो, कारण त्यात शुभ्रता वाढवणारी रसायने असतात.

तीच रसायने कपड्यांच्या पावडरीतही असतात. त्यामुळे खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटही झळकू शकते. गरिबाची अशी नोट दुकानदाराने लगेच खोटी ठरवू नये; आधी वॉटरमार्क आणि सुरक्षा धागा पाहावा.